फौजीनं तेल बदललं

गाडीचं इंजिन ऑइल आपण स्वतःच बदलायचं, हे मी एका मंगळवारी दुपारी दोन पोळ्या आणि अकरा माणसांची आमटी समोर ठेवून ठरवलं.

आमटीचं आधी सांगतो. बायको, माया, आमच्या मुलीच्या, अपेक्षाच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती 'महिन्यात येते' म्हणून. त्याला सहा महिने झाले. आष्ट्याच्या घरात मी एकटा, आणि मला एका माणसाचा स्वयंपाक येत नाही. बावीस वर्षं मी पलटणीच्या लंगरात तीनशे जवानांना जेवायला घातलं, तो हात आता लहान होत नाही. (हे फक्त मायाला ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला. गावात मी मिलिटरीचा ट्रक-मेकॅनिक आहे. लडाखला गोठलेलं इंजिन मी नुसत्या फुंकरीनं चालू केलं, असंही गावात बोलतात. अर्थात, मीच सांगितलंय म्हणून.)

उरलेली आमटी फ्रिजमध्ये जायची. फ्रिज उघडला की आत दिवा लागायचा. तेवढंच कुणीतरी घरात आल्यासारखं.

तर त्या दुपारी मायाचा फोन आला.

"रविवारी न्यायला या. अपेक्षा आन् बाळ पण येत्यात. जावळ आष्ट्यातच काढायचं, महिनाभर ऱ्हाऊ."

मी ताटावरून उठून उभा राहिलो.

"पर आवं, आधी तेल आन् फिल्टर बदला. मागल्या खेपेला साताऱ्याफुडं खंडाळ्याजवळ धूर निघाला हुता. तान्ह्या लेकराला घेऊन मी तसल्या गाडीत बसणार न्हाई. गॅरेजला टाका."

"टाकतो," म्हणालो. पण मिलिटरीचा मेकॅनिक तेल बदलायला गॅरेजला कुठल्या तोंडानं जाणार? म्हणून स्वतःच बदलायचं ठरवलं आणि बिराप्पाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

"कंचं तेल चांगलं, बिराप्पा?"

"तुमी मेकॅनिक. तुमीच सांगा, फौजी."

उत्तर मला माहीत होतं. गाडीच्या कप्प्यातल्या पुस्तकात छापलेलंच होतं, फाइव्ह डब्ल्यू थर्टी. पण तेवढं बोललो असतो तर पाचव्या मिनिटाला डबा घेऊन पुन्हा त्या फ्रिजसमोर. मी स्टूल ओढलं आणि म्हणालो, "बघावं लागंल."

बाजूला ट्रॅक्टरवाला ज्ञानू बसला होता. "जाडच घाला. मी बादलीतलं घालतो. उसाच्या दोन ट्रॉल्या वढतंय माझं इंजिन."

"तुझं इंजिन पळतंय ते तुझ्या बोलण्याला कटाळून," बिराप्पा म्हणाला. "मोटारीला पातळ लागतं रं."

"लडाखला," मी घसा साफ केला, "जाड तेल सुरीनं कापून घालायला लागायचं. बर्फीसारखं."

"सुरी कुठली वापरायची?" ज्ञानूनं विचारलं.

"सरकारी."

दोघांनी माना डोलावल्या. चहा आला. संध्याकाळ कुठं गेली कळलं नाही.

बुधवारी आम्ही सिंथेटिक तेलावर आलो. गुरुवारी फिल्टरवर: कागद किती घड्यांचा, पत्रा किती जाडीचा. शुक्रवारी स्टुलावर एक उशी आली होती. घाई कुणीच केली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी सकाळी नाइलाजानं तेल घेतलं, गाडीच्या मॉडेलला बसणारा फिल्टर घेतला. अंगणात गाडीखाली सरपटलो, जुनं तेल डब्यात काढलं, जुना फिल्टर फिरवून सोडवला. नव्याच्या रबरी रिंगला तेलाचं बोट लावलं (तव्याला लावतो तसं) आणि हातानं घट्ट बसवला, मग वरून नवं तेल ओतलं. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि नवी तिच्यावर बसली, हे मला दिसलं नाही. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. धक्का बसायचा तो एकट्या मलाच पुरे.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. मागच्या सीटवर बाळासाठी दुपटं अंथरलं होतं. पेठ नाक्याच्या अलीकडे स्टिअरिंगमागं लाल दिवा लागला. दिव्यात किटलीचं चित्र. मी म्हटलं, गाडी किती समजूतदार, चहाला थांब म्हणतेय. थांबलो. (ती तेल संपल्याची खूण होती, हे नंतर कळलं. थांबलो म्हणून इंजिन वाचलं. मेकॅनिक असतो तर तोऱ्यात कदाचित पुढे रेटलं असतं.)

चहाचा पेला हातात घेऊन मागं वळलो, तर रस्त्यावर काळी रेघ आणि तिच्या टोकाला माझी गाडी. नवं तेल सगळं बाहेर. दुपटं काचेतून दिसत होतं. पुण्यात पिशव्या भरून बसलेली माया आठवली, आणि फोन लावायचा तर बिराप्पाशिवाय दुसरं माणूस सुचेना.

बिराप्पा मोटारसायकलवर आला, मागे ज्ञानू तेलाचा डबा मांडीवर घेऊन. बिराप्पानं फिल्टर काढला आणि एकीच्या जागी दोन रिंगा तळहातावर ठेवल्या.

"लडाखला दोन घालायची पद्धत हाय का?"

मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

"फौजी, तुमी लंगरात हुता ते आमाला पयल्यापासनं म्हाईत हाय. ज्ञानूचा मेव्हणा तुमच्याच पलटणीत हुता. तुमच्या मटणाचं अजून नाव काढतोय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी सांगताना ऐकायला लय बरं वाटतं," ज्ञानू म्हणाला.

बिराप्पानं जुनी रिंग फेकली, फिल्टर परत बसवला आणि नवं तेल ओतलं. "वैनींचा मंगळवारीच फोन आल्ता. एकटं हायती, म्हणल्या, येतील तवा बसू द्या. पर गाडीला हात लावू देऊ नका. पयलं ऐकलं आमी. दुसरं ऱ्हायलं."

मी पुण्याला पोचलो. माया सगळं ऐकून घेऊन गाडीत बसली, लाल दिवा लागतोय का ते साताऱ्यापर्यंत बघत राहिली, मग झोपली.

जावळाला तीनशे माणूस आलं. स्वयंपाक मी केला, उघडपणे, सगळ्यांसमोर. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझं माप चुकलं नाही.

महिना संपला. अपेक्षाची नोकरी सुरू झाली आणि बाळाला सांभाळायला माया पुन्हा पुण्याला गेली. 'महिन्यात येते,' म्हणाली.

मी फ्रिज उघडला, बंद केला आणि बिराप्पाच्या दुकानात गेलो.

"बिराप्पा, वायपर कंचं चांगलं?"

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. उशी अजून होती.

"बसा. वायपर मी बसवतो. तुमी आत जाऊन चहा टाका." मी आत शिरलो तसा मागून आवाज आला. "आन् फौजी, तीन कप. तीनशे न्हाई."