मामांनी मारलेला करपा

"अगं, झाडं म्हणजे माणसांसारखीच! प्रेमानं पाहिलं की खुलतात. तू खुशाल जा!" मामांनी छाती फुगवून सांगितलं आणि भाचीनं उचललेली बॅग पुन्हा खाली ठेवली.

मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी पाटीवर काढलेल्या द्राक्षांवर माश्या बसल्या होत्या, असं ते स्वतःच सांगायचे. पण झाडांशी त्यांचा संबंध हिरव्या रंगाच्या डब्यापुरताच! भाची शेतकी कॉलेजात शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहत होती. गच्चीवर तिनं टोमॅटोच्या कुंड्यांच्या तीन रांगा मांडल्या होत्या. पहिली रांग निरोगी. बाकीच्या दोन्हींवर तिनं मुद्दाम करपा रोग सोडलेला. रोगानं पानं खाल्ली की झाडाची वाढ किती खुंटते आणि टोमॅटो किती घटतात, हे तिला मोजायचं होतं. हे सगळं तिनं मामांना नीट समजावलंही होतं. मामांनी मान डोलावली होती. फक्त तेव्हा त्यांच्या कानात मॅचची कॉमेंट्री चालू होती.

"मामा, तू फक्त बुडाशी पाणी घाल. बाकी कशाला हात लावू नकोस!" असं बजावून ती परिषदेसाठी परगावी गेली.

दुसऱ्याच दिवशी मामा गच्चीवर गेले आणि किंचाळले. पानांवर तपकिरी डाग!

"पोरगी पाठमोरी होते न होते तोच झाडं आजारी! आता माझ्या अब्रूचं काय?"

एक नासका आंबा आढी नासवतो, एवढं शेतीशास्त्र मामांना येत होतं. त्यांनी मामींची कात्री घेतली. तिळाएवढा डाग दिसला तरी अख्खं पान कच्चकन खाली! मधली रांग संपली तेव्हा मामी कपडे वाळत घालायला वर आल्या.

"अहो, ही झाडं आहेत की कापड उडून गेलेल्या छत्रीच्या काड्या?"

मामा उत्तर देणार, तेवढ्यात भाचीचा फोन!

"मामा, पानांवर डाग पडले का रे?"

"पडले होते! पण..."

"पडले? बरं झालं बाई! मला धाकधूक होती. उद्या सकाळी आमचे सर दोन्ही रांगांतले डाग बघायला येतायत. डाग नसतील तर माझं वर्ष गेलंच म्हणून समज! तू 'पण' म्हणून काय सांगत होतास?"

मामांनी कात्री पाठीमागे लपवली. फोनवर दिसत नाही, हेही त्यांना सुचलं नाही.

"पण... काळजी करू नकोस!"

"आत्ताच्या आत्ता खरं सांगून टाका तिला," मामी म्हणाल्या.

"अगं, आजवर डोंगर रंगवले, डागांचं काय घेऊन बसलीस!"

मामांनी बारीक ब्रश आणि पाण्यात कालवायच्या रंगाचा डबा काढला. मधल्या रांगेत उरलेल्या चार हिरव्या पानांवर त्यांनी आधी शेवटच्या रांगेतले डाग हुबेहूब उतरवले. मग आतला कलावंत जागा झाला! डागांना पिवळी किनार आली, मग छटा आल्या, मग सावल्या आल्या. एका पानाखाली तर सवयीनं सहीच करणार होते, मामींनी मनगट धरलं म्हणून वाचले.

सकाळी सर आले. शेवटच्या रांगेकडे बघून म्हणाले, "छान!" मधल्या रांगेपाशी आले आणि भिंग डोळ्याला लावून पानावर वाकले.

"अद्भुत! असा सुबक डाग मी उभ्या जन्मात पाहिला नाही! हा करपा नव्हेच. नवाच रोग आहे!"

मामांचा चेहरा खुलला. कौतुक कुणाला नको असतं?

"आणि किती भयंकर! झाडाला पान म्हणून ठेवलं नाही!" सरांनी थेट फोन लावला. "ताबडतोब गाडी पाठवा. तिन्ही रांगा जाळाव्या लागतील! हा रोग शेतांत पसरला तर हाहाकार होईल!"

तिन्ही रांगा! भाचीचे सगळे कष्ट! मामांच्या पायाखालची गच्ची सरकली.

"सर, तो पसरणार नाही," ते कसेबसे म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"त्याचा डबा माझ्याकडेच आहे."

सरांना काही उमगेना. मामांनी अंगठा ओला केला आणि पानावरून फिरवला. नवा रोग साफ पुसला गेला! सर आधी अंगठ्याकडे बघत राहिले, मग मामांकडे. मग त्यांनी गुपचूप फोन करून गाडी परत पाठवली.

परत आल्यावर भाची मामांशी बोललीच नाही. मामा गुन्हेगारासारखे कोपऱ्यात बसून जेवायचे. शेवटी सरांनीच तोड काढली. "शेवटच्या रांगेत करपा आहेच की! मधल्या रांगेत मोज, नुसती पानं छाटली तर किती फरक पडतो ते." भाचीनं कुंड्यांखाली पडलेली पानं गोळा केली, त्यांची मापं घेतली आणि जिद्दीनं कामाला लागली.

टोमॅटो पिकले, मोजमाप झालं आणि कॉलेजच्या सभागृहात तिनं प्रयोग मांडला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर तीन रेषा होत्या. वर उत्पन्नाची हिरवी रेषा, "निरोगी". तिच्याखाली "करपा". आणि पार तळाशी, जमिनीला नाक घासत चाललेली तिसरी.

"झाड जेवतं ते पानांवर," भाची सांगत होती. "करप्यानं पानाचा तुकडा खाल्ला, तरी उरलेलं पान काम करत राहतं. मधल्या रांगेत मात्र तिळाएवढ्या डागापायी अख्खं पान गेलं. झाडं उपाशी राहिली, म्हणून उत्पन्न सगळ्यात कमी."

"त्या तिसऱ्या रेषेवर काय लिहिलंय?" मागून कुणीतरी विचारलं. "अक्षर बारीक आहे."

भाचीनं ते मोठं करून दाखवलं. "मामा."

सभागृह हसून लोटपोट झालं, मग टाळ्यांचा कडकडाट! मामाही उठून हात जोडत चहूकडे वळले.

"खाली बसा हो!" मामींनी त्यांचा शर्ट ओढला. "टोमॅटोला करप्यापेक्षा तुम्ही वाईट, असं सिद्ध झालंय! आणि त्यासाठी एवढा प्रयोग कशाला? मला विचारलं असतं तर मी घरबसल्या सांगितलं असतं!"