इंगोल्यांचा पांढरा

“इंगोल्यांच्या हाताले कंप सुटला हाय. अकोल्याच्या ष्टँडवर त्यायच्या हातून दुर्बीण पडली, अन् तवापासून डोकंच फिरलं त्यायचं. दोन सालं झाले, नळीवरचा एकच टवका रंगवून राहिले.”

हे विधान भातकुलीच्या एका शाळेचे सचिव गावंडे यांचे. गेल्या महिन्यात, शाळा समितीच्या सभेत, चहा येण्यापूर्वी त्यांनी ते केले. शाळेला कोणा दात्याने नवी दुर्बीण दिली आहे. तिच्या खोलीची किल्ली महादेवराव इंगोले यांच्याकडे द्यावी, असा ठराव मी मांडला होता. गावंड्यांच्या या विधानासरशी तो पुढल्या सभेवर ढकलला गेला. म्हणून विधान तपासणे भाग आहे. त्यात ‘दोन सालं’ एवढेच खरे आहे.

इंगोले अमरावतीत माझे शेजारी. आयुष्यभर महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. आपल्या दुर्बिणीचा आरसा त्यांनी हाताने घासून केला, नळी पत्र्याची वळवून घेतली आणि तिला पांढरा रंग दिला. नळी पडली तेव्हा आरसा वेगळा, रजईत गुंडाळलेला, त्यांच्या कुशीत होता. त्याला काही झाले नाही. रंगाचे मात्र टवके उडाले. एक नव्हे, सात. मी मोजले आहेत.

आता पांढऱ्याविषयी. आपल्याला पांढरा एक दिसतो. इंगोल्यांना तो कापसासारखा दिसतो. पहिल्या वेच्याचा पांढरा निराळा, दुसऱ्याचा निराळा, आणि शेवटच्या फरदडीचा तर, त्यांच्या मते, पांढरा म्हणण्याच्याच लायकीचा नाही. नळीचा रंग पहिल्या वेच्याचा. तेव्हा आगपेटीत त्या कापसाचा पुंजका आणि रंगाची एक खपली ठेवून ते दुकाने हिंडू लागले. अमरावतीचे दुकानदार त्यांना येताना पाहून आत जेवायला जाऊ लागले, तेव्हा आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरातले एक दुकान गाठले. तिथल्या दुकानदाराने अकरा डबे उघडले आणि बारावा उघडताना कपाळाला हात लावला.

“काका, पांढरा तं पांढराच राह्यते ना!”

“निंबही हिरवा अन् राघूही हिरवा,” इंगोले शांतपणे म्हणाले. “मंग निंबावर बसलेला राघू तुले दिसते कसा?”

दुकानदाराने बारावा डबा उघडला. तोच जुळला.

आता कोणी विचारील, रंग जुळला तर दोन वर्षे कशी लागली? अगदी साधे आहे. नवा रंग नवा दिसत होता. भोवतीचा जुना रंग पंचवीस उन्हाळे खाल्लेला. त्याच्या शेजारी नवे ठिपके सासरी आलेल्या मुलीसारखे अवघडून बसले. त्यांना जुने करण्यासाठी इंगोल्यांनी नळी मे महिन्यात भरदुपारी गच्चीवर ठेवली. वऱ्हाडात मे महिन्याच्या दुपारी रंग वाळत नाही, तळला जातो. सातही ठिकाणी पापडासारखे फोड आले. मी हळहळलो. इंगोले म्हणाले, “घाई केली ना बा आपन. रंग आइकते, पन त्याले दम देल्लेला आवडत नाई.” आणि पुन्हा काचपेपर, पुन्हा लांबी, पुन्हा अस्तर. हे सारे पहाटे, हवा थंड आणि धूळ बसलेली असताना. त्या वेळी ते श्वास रोखून कुंचला चालवत. ज्याच्या हाताला कंप आहे, त्याने उडालेल्या टवक्याच्या कडेने, जुन्या रंगावर न चढता, केसाएवढी रेघ ओढून दाखवावी. गावंड्यांना माझे जाहीर आव्हान आहे.

“आरसा चांगला हाय ना, मंग रंगाचं काय एवढं?” असे त्यांना पुष्कळांनी विचारले. इंगोल्यांचे उत्तर ठरलेले: “पोट्टे डोया लावाच्या आधी नळीले हात लावतात. पयली भेट तिथंच व्हते.”

काम गेल्या दिवाळीत संपले. त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, “डोये मिटा, मास्तर. आता बोट फिरवा अन् सांगा, टवके कुठं पडले व्हते?”

मी नळीवरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले.

“सापडले?”

“नाही.”

“मंग पडलेच नाई,” इंगोले म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

सभेत गावंडे बोलले तेव्हा इंगोले माझ्या शेजारीच होते. “असन, बा,” एवढेच ते म्हणाले. मी का उठलो नाही, असे मला दोघांनी विचारले. मी उठत होतो. टेबलाखाली इंगोल्यांनी आपला पाय माझ्या पायावर दाबून धरला होता. बाहेर आल्यावर मी चिडलो, तर म्हणाले, “मले तसेही येडा म्हन्तात, मास्तर. त्यात एक शब्द वाढला तं काय वजन व्हते?” हे ऐकून मी गप्प घरी आलो, आणि महिनाभर गप्पच राहिलो. माझ्या ओळखीच्यांना हे खरे वाटणार नाही.

राहिली ती मुख्य गोष्ट. घटना अकोल्याच्या बसस्थानकावर घडली नाही. जुन्या शहरातल्या शाळेत मुलांना सूर्यावरचे डाग कागदावर दाखवून आम्ही परतत होतो, तेव्हा मोर्णा नदीच्या पुलावर घडली. माणसे जमली. “कोनाच्या हातून पडली?” कोणीतरी विचारले. मी तोंड उघडण्याआधीच इंगोले म्हणाले, “माया हातून सटकली.” गावंड्यांपर्यंत पोहोचले ते हेच वाक्य, आणि तेव्हापासून आजवर मीही ते खोडले नाही. पुढल्या सभेत मी ते उभ्याने खोडणार आहे. तत्पूर्वी येथे लिहून ठेवतो.

नळी इंगोल्यांच्या हातात नव्हतीच. ती माझ्या खांद्यावर होती, आणि त्यांना एक मुद्दा पटवून देण्यासाठी मी तिला धरलेला हात वर केला होता.