महाराजांनी पाहिलेला धबधबा

एका जंगलात, बाळांनो, एक धबधबा होता. म्हणजे अजूनही आहे, पण आताशा तो धरणाला विचारून पडतो.

त्याच्या खालच्या अंगाला कोंडाबाई साळिंदर राहायची. तिची शेवंती लग्नाची झाली होती. साळिंदरांची रीत अशी, की लग्नाची बोलणी धबधब्याखाली बसून करायची. पाण्यानं काटे भिजून खाली बसतात आणि मग विहिणी विहिणी गोडीगुलाबीनं बोलतात. कोरड्या काट्यांनी बोलणी केली, की ती हातघाईवर येतात. शेवंतीची मागची बैठक अशीच मोडली होती. तिच्या मामाच्या नाकाला अजून लेप होता.

धबधबा आटला होता, कारण गव्यांनी वर धरण बांधलं होतं. खाली उरला नुसता कातळ, एक कठडा आणि 'धबधब्यासोबत फोटो काढा' अशी पाटी. हौशी कोल्हे माकडांकडून भाजलेलं कणीस घेत आणि पाटीसोबत फोटो काढत.

नवे पाहुणे यायच्या दिवशी कोंडाबाई धरणावर गेली. दाराशी दगडू गवा रवंथ करत बसला होता.

"दगडूभाऊ, घटकाभर पाणी सोडा की. पोरीचं लग्न जमायचंय."

"बाई, हे पाणी लग्नासाठी नाही. विकासासाठी आहे."

"मग विकासासाठी कधी सोडता?"

"महाराज धबधबा बघायला आले की."

कोंडाबाई आल्या पावली परतली. खाली पाहुणे येऊन बसले होते.

"हाच का तुमचा धबधबा?" वरमाईनं विचारलं. "आमच्याकडे याला दगड म्हणतात." तिचे काटे उभे राहू लागले.

मामानं नाक झाकलं. शेवंती मुसमुसायला लागली. तिला मुलगा मनापासून आवडला होता हो! कोंडाबाई कातळावर चढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "महाराज आले! महाराज आले!"

दगडूनं धडपडत दार उघडलं. पाणी धो धो कोसळलं. सगळ्यांचे काटे सपाट झाले. वरमाईनं कोंडाबाईला मिठी मारली आणि कुणालाही काही टोचलं नाही. सुपारी फुटली.

संध्याकाळी दगडू धापा टाकत खाली आला. "महाराज कुठायत?"

"आले नि गेले. खूश होते."

"माझं नाव काढलं?"

"काढलं तर! म्हणाले, दगडूसारखा गवा होणे नाही."

दुसऱ्या दिवशी महाराज खरोखरच आले. धरणात थेंब उरला नव्हता. महाराज 'पुरे' म्हणाल्याशिवाय दार लावायची दगडूची काय छाती! गर्दीत कोंडाबाईही उभी होती. खोटं उघडं पडलं, की सोयरीकही मोडणार आणि मानही.

सिंहानं कोरडा कातळ पाहिला. "धबधबा कुठाय?"

"महाराज, आपण काल बघून गेलात की!" दगडू अदबीनं म्हणाला.

महाराजांनी प्रधानाकडे पाहिलं. प्रधानानं खाली पाहिलं. काल आपण कुठे होतो हे आपल्यालाच ठाऊक नाही, असं राजानं चारचौघांत कसं म्हणावं?

"हो, हो," महाराज म्हणाले. "फारच सुंदर होता. आम्ही अगदी भिजलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात कोंडाबाईनं वाजवल्या.

तात्पर्य : खोटं कधी बोलू नये, बाळांनो. बोलायचंच झालं, तर राजाच्या नावानं बोलावं. मग ते खरं करायची जबाबदारी राजाची.