उबवणीचे कपाट आणि उघड्या मानेचा वंश यांची हकिकत

श्री. जिने कवचाच्या आतल्या काळोखात डोळा घडविला आणि बाहेर येण्याचा दिवसही तिनेच नेमून दिला, त्या शक्तीस नमस्कार करून ही हकिकत लिहिली आहे. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्षी एका राज्यावर मानमोडीच्या रोगाचा घाला आला. राज्य म्हणावे तर चार खोल्यांचे, पुढे अंगण, मागे पत्र्याचा कारखाना, त्यात एक लेथ, एक भट्टी आणि वेल्डिंगचे सामान. गादीवर मातुःश्री तान्हूबाई होत्या. त्यांचे पुत्र रायबा कारखान्याचा कारभार पाहात आणि सून हौसाबाई मुदपाकखाना व कोठी सांभाळीत. आणि या राज्याची खरी दौलत म्हणजे उघड्या मानेच्या कोंबड्या. मानेवर पीस नाही, कातडी तांबडी, चालणे तोऱ्याचे. मातुःश्री लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून डालग्यात अशीच एक तलंग घेऊन आल्या होत्या आणि तिचाच वंश अंगणात नांदत होता. पुढे माहेरचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि माणसे चहूकडे पांगली, मग माहेर म्हणून जे काही उरले ते या उघड्या मानांतच उरले.

तो रोग असा की सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान पिळून गोल फिरे आणि सांजेस पाय ताठ करी. रायबांनी कारखान्यामागे खड्डा खणला आणि चुना टाकून एकेक पुरली, आणि शेवटी कोंबडाही पुरला. खुडूक बसावयास एक कोंबडी राहिली नाही. राहिली ती फक्त घाला येण्यापूर्वी भुशाच्या टोपलीत जपून ठेविलेली अंडी. मातुःश्री रिकाम्या खुराड्यापाशी बसून राहिल्या आणि ताट पुढे आले ते तसेच परत गेले. मग रायबा जवळ जाऊन बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "रायबा, यांतून एक तरी मान उघडी निघाली पाहिजे. नाहीतर मी कुठली, हे सांगायला काही राहायचं नाही."

हे शब्द रायबांस लागले. त्यांनी तालुक्याच्या पेठेत जाऊन उबवणीचे यंत्र आणिले. उभे कपाट, पुढे काचेचे दार, आत तीन थाळ्यांची उतरंड, तळाशी पाण्याची ताटली, मागे तापणारी तार आणि ऊब सगळीकडे फिरविणारा पंखा. विकणाराने जे सांगितले ते रायबांनी मनात धरून आणिले आणि मांडणीची मोहीम हाती घेतली. देवघराशेजारची खोली निवडली, कारण तेथे ऊन येत नव्हते आणि दाराचा झोत लागत नव्हता. पाणसळ लावून पायांखाली पत्र्याचे तुकडे सारले आणि कपाट समतल केले. वीज त्या राज्यावर वारंवार रुसे, म्हणोन इन्व्हर्टरचे ठाणे बसविले. मग यंत्र रिकामेच चालविले आणि उबेचा काटा ठरल्या जागी ठरतो की नाही ते पाहिले, ठरेना तेव्हा दाराच्या फटीस रबर लाविले, आणि मग ठरला. हौसाबाई म्हणाल्या की यांनी आमच्या लग्नाच्या मांडवालाही एवढं माप घेतलं नव्हतं. मातुःश्री त्या दिवसांत प्रथमच हसल्या. परंतु पितृपक्षात नवे काही मांडू नये अशी त्यांची आज्ञा झाली, म्हणोन घटस्थापनेस इकडे घटात धान्य पेरले आणि तिकडे थाळ्यांत अंडी निमुळती बाजू खाली करून बसविली.

मग माळेमागून माळ चढत गेली. रायबा हातातले काम टाकून येत आणि थाळ्या कलत्या करीत, आणि मातुःश्री काचेपुढे पाट टाकून बसत. सातव्या माळेस खोली अंधारी करून पुठ्ठ्याच्या भोकातून बॅटरीचा उजेड अंड्यांत पाडिला, तो बहुतेकांत तांबड्या शिरांचे जाळे दिसले आणि मधोमध एक ठिपका हालताना दिसला. त्या दिवशी मातुःश्रींनी पोटभर भोजन केले.

आता पुढे खंडेनवमी आली. या राज्यात खंडेनवमीचा कायदा कडक होता, त्यास कारण असे. रायबांचे तीर्थरूप धोंडोजी यांनी एके वर्षी याच दिवशी कुणाच्या ट्रॅक्टरचे काम अडले म्हणोन पूजा झाल्यावर लेथ चालविला. सदऱ्याची बाही गुंतली, हात गेला आणि मग धोंडोजीही गेले. तेव्हापासून त्या दिवशी घरात जे फिरते ते थांबत असे. लेथ थांबे, शिवणयंत्र थांबे, मिक्सरलाही हळदकुंकू लागे, आणि चटणी पाट्यावर होई.

पूजेचे तबक घेऊन मातुःश्री उबवणीच्या कपाटापुढे आल्या आणि त्यांनी पुसले, "आत काही फिरतं का रे?"

"पंखा फिरतो, आई."

"मग थांबव. उद्या सोनं लुटून आल्यावर लाव."

हौसाबाई दाराशी होत्या. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, खुडूक कोंबडीला कुणी खंडेनवमीची सुटी दिली होती का?"

"कोंबडी फिरत नव्हती गं, बसत होती. या घरात त्या दिवशी जे फिरलं, त्यानं माणूस नेला. माझी पिल्लं गेली तरी चालतील, पण तुझ्या कपाळाचं कुंकू मला पाहिजे."

रायबा मध्ये उभे. एका अंगास आईचे भय, जे त्यांनी लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि दुसऱ्या अंगास आईचेच माहेर. मग त्यांस एक तोड सुचली, आणि तीच घातक ठरली. पंखा तेवढा तोडावा आणि तापणारी तार चालू ठेवावी, म्हणजे फिरायचे ते थांबले आणि ऊब राहिली. आईची आज्ञा पाळली आणि अंडीही राखली, असा हिशेब त्यांनी केला. काटा पाहिला तो जागेवर होता. रात्री पाहिला, तो केसभर खाली होता, तो त्यांनी तसाच सोडला. काट्यास ऊब कळविणारे टोक तळच्या थाळीशी होते, आणि त्याच्याच सांगण्यावर तार तापे. वारा थांबताच ऊब वर चढली आणि खाली गारठा राहिला, आणि खाली गारठा म्हणोन तार अधिक तापत गेली. भट्टीपुढे जन्म काढलेल्या माणसास हे कळावयास हवे होते. कळले नाही, कारण त्या दिवशी त्यांस ते कळून घ्यावयाचे नव्हते.

दसऱ्यास सीमोल्लंघन करून मंडळी आली, मातुःश्रींनी आपट्याची पाने कपाटावर वाहिली, आणि रायबांनी पंखा लाविला, तो वाऱ्याबरोबर उकडलेल्या अंड्यांचा वास खोलीभर आला. मग रायबांनी वरची थाळी ओढली, ती हातास चटका देई, आणि खालची ओढली, ती गार. मधल्या थाळीतील अंडी उजेडापुढे धरली तो शिरा विरून रक्ताची कडी झालेली, म्हणजे आतला जीव गेलेला, एकात, दुसऱ्यात, पुढल्यात. रायबा भुईस बसले आणि त्यांनी आईस सर्व सांगितले की ऊब ठेविली आणि वारा तोडला, त्याने असे झाले. हौसाबाईंस बोलावयास जागा होती. पण त्यांनी मेलेली अंडी पाटीत भरली आणि कारखान्यामागे नेली.

मातुःश्री म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून तू केलंस. राहिलं काय, ते बघ."

एक राहिले होते. मधल्या थाळीच्या कडेचे, ज्यातला ठिपका अजून हालत होता. मग सारे राज्य त्या एका अंड्यावर आले. रायबांनी काट्याचे टोक काढून मधल्या थाळीशी बांधिले आणि पुढे पंख्यास हात लाविला नाही. तीन आठवडे भरत आले तेव्हा कवचातून बारीक साद आली, मग चीर पडली आणि चीर गोल फिरली. मातुःश्रींस हात घालू द्यावा की नाही, हा वाद झाला नाही. त्या पदर तोंडास लावून नुसत्या पाहात राहिल्या. अखेर पिलू बाहेर आले, चिंब ओले, आणि थाळीवर आडवे पडून धापा टाकू लागले. त्याची मान तांबडी आणि उघडी दिसली.

"उघडी आहे रे," मातुःश्री म्हणाल्या आणि त्यांनी काचेवर हात ठेविला. "रायबा, उघडी आहे."

रायबा काचेस डोळा लावून होते. ओल्या मानेस चिकटलेली लव त्यांनी पाहिली. पिलू जसजसे वाऱ्यात सुकेल तसतशी ती लव उभी राहील हे त्यांनी ओळखिले. ऐसे झाकल्या मानेचे पिलू मागेही क्वचित निघे आणि मातुःश्री ते शेजारी देऊन टाकीत. रायबांचा हात आपसूक पंख्याच्या बटणाकडे गेला, की अजून घटकाभर ती मान ओली राहावी.

मातुःश्रींनी तो हात पाहिला, आणि मग पुन्हा पिलाकडे पाहिले, अंमळ जास्त वेळ.

"चालू ठेव," त्या म्हणाल्या. "ओलं राहिलं तर गारठेल."

मग पंखा फिरत राहिला आणि मानेवर पिवळी लव फुलून आली, शेवटच्या केसापर्यंत, आणि तिघेही ते पाहात उभे राहिले.

एवंच, राज्य राहिले आणि वंश बुडाला. पिलू जगले, आणि शेजारी कोणास दिले नाही. हकिकत घडली तैसी लिहिली, अधिक उणे केले नाही.