आईच्या डब्यातला अडकित्ता

त्या रविवारी जेवणानंतर मी सुपारी खायचं ठरवलं, एवढाच माझा गुन्हा. घरातला अडकित्ता सापडेना. मंजूला (म्हणजे बायकोला) विचारलं, तर ती म्हणाली, "डोळ्यानं शोधा, तोंडानं नका शोधू."

मग मी आईच्या कपाटातला पत्र्याचा डबा उघडला. त्यात बाबांचा चष्मा होता, आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू. वीतभर लांब, पकडीसारखे दोन दांडे, तोंडाशी नखाएवढं पातं आणि त्याच्या बुडाशी तिकोनी भोक. सुपारीसाठी भोक लहानच होतं, पण एकवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस अशा किरकोळ अडचणीला दबत नाही. मी सुपारी पात्याखाली धरली आणि जोर केला. कट्ट आवाज झाला. सुपारी शाबूत होती. पात्याचा कपचा उडाला होता.

आई दारात उभी होती. तिनं माझ्या हातातून ती वस्तू घेतली, पदरानं पुसली आणि पुन्हा फडक्यात गुंडाळली.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"तुले काय करा लागते?" ती म्हणाली, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचीच थांबली. तीन दिवस निरोप मंजूमार्फत यायचे. "त्याले म्हणा, जेवून घे." मी समोरच पाटावर बसलेला असायचो.

आई देवळात गेली तेव्हा मी त्या वस्तूचा फोटो काढला आणि शेजारच्या बाबूसिंगला दाखवला. तो एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर.

"हा तर पंच हाय," तो म्हणाला. "तिकिटाले भोक पाडाचा."

"पण आमचे बाबा शेतकरी होते."

"मंग कोण्या कंडक्टरचा उचलला असन."

(वस्तू काय आहे ते कळलं नाही, पण वडील चोर ठरले.) कचेरीत एकानं ती बकरीच्या कानाला खूण करायची म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं दात उपटायची. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, तर दोन सुप्रभात आले आणि मेहुण्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. (तो फोटो न पाहताच लिहितो.)

शेवटी कचेरीतला संघदीप म्हणाला, "अनसिंगले शेषरावजी हायेत. जुने रेडिओ, ग्रामोफोन दुरुस्त करतात. त्यायले विचारून पाहा."

शेषरावांना फोटो पाठवला. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला.

"ग्रामोफोनच्या सुईची कात्री हाय," ते म्हणाले. "लोखंडाची सुई तबकडी घासते, म्हणून काही शौकीन लोक बांबूची सुई लावत. ती एका गाण्यातच बोथट होते. मंग या भोकात घालाची अन नवी नोक कापाची. दर गाण्याले एकदा. तुमच्या घरी कोन शौकीन होतं?"

बाबांना मी जन्मात कधी गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं.

घरी येऊन आईला म्हटलं, "माय, शेषराव म्हणून आहेत अनसिंगला. त्यांच्याकडे चालू ग्रामोफोन आहे. बांबूच्या सुयाही आहेत."

आई आत गेली आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

मंगरूळपीरहून वाशीम, वाशीमहून अनसिंग, अशा दोन एसट्या करून आम्ही पोचलो. शेषरावांनी चावी भरली, तबकडी ठेवली आणि सुई कापायला घेतली. आईनं फडक्यातून आपली कात्री काढली आणि हात पुढे केला.

"माह्यापाशी द्या."

पात्याला मी कपचा पाडून ठेवला होता. पहिली कात्र वाकडी गेली, दुसरीही. तिसऱ्यांदा तिनं सुई पात्याच्या शाबूत कोपऱ्यात सरकवली आणि हलकेच दाबली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात जराही हलला नाही. थोडी खरखर झाली, आणि मग फार लांबून यावा तसा एका बाईचा आवाज आला. आई तबकडीकडे पाहतच नव्हती. मशीनच्या पलीकडे पाहत होती. तिथे कोणी नव्हतं.

"मेडशीच्या घरी सासू, सासरे, दोन दीर, चार नणंदा," ती म्हणाली. "दिवसा नवऱ्यासंग बोलाची सोय नव्हती. तुहे बाबा चावी भराचे. गाणं सरलं का हात पुढं कराचे अन म्हणाचे, 'नोक काढून दे.' सर्व्यायसमोर. काम होतं ते, कोन काय म्हणन? एका दुपारी बारा गाणे वाजवाचे. बारा डाव म्हणाचे."

"बाबांना गाण्याची आवड होती, हे मला माहीतच नव्हतं."

"त्यायले कायची आवड? सूर कशाले म्हणतात, ते ठावं नव्हतं."

"मग वाजवायचे कशाला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा तिनं असंच पाहिलं होतं.

"मंग वाटण्या झाल्या," ती म्हणाली. "गाण्याचा बाजा धाकल्या दिराकडे गेला. आमचा सैपाक येगळा झाला. आता बोलाले कोनी अडवत नव्हतं. तं बोलनंच कमी झालं."

गाणं संपलं. शेषरावांनी सवयीनं हात पुढे केला, आणि समजूतदार माणूस, लगेच मागे घेतला. मला वाटलं, आता मुलाचं काम आहे. मी हात पसरला आणि शक्य तितक्या बाबांच्या आवाजात म्हणालो, "नोक काढून दे."

"तू बस," आई म्हणाली. "तुह्या हातात देऊन पाह्यलं मी."

तिनं स्वतः सुई कापली, स्वतः लावली. नऊ गाणी ऐकली, आणि प्रत्येक गाण्यानंतर थोडा वेळ तशीच थांबली, कोणी काही म्हणेल म्हणून.

संध्याकाळी मंजू ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं पदरानं डोळे टिपले. वातावरण अनुकूल दिसलं, म्हणून मी हळूच विचारलं, "मंजू, मी गेल्यावर माझं असं एखादं वाक्य तुला आठवेल का? मी रोज म्हणतो असं?"

तिनं मेथी खाली ठेवली. खरोखर मनापासून विचार केला.

"आठवन ना," ती म्हणाली. "'चार्जर कुठी ठेवला?'"

आणि मेथी पुन्हा हातात घेत म्हणाली, "पँटच्या खिशात हाय. धुवाले टाकलेल्या."