हॅलोरन साहेबांची नशीबवान चड्डी

ओकावांगोच्या पाणथळात सिंह आवाजावरून ओळखला जातो, हत्ती आकारावरून आणि मी, ओटेंग, बुद्धीवरून. सफारी कॅम्पच्या कागदोपत्री मी पाहुण्यांना अंधारात तंबूपर्यंत सोडणारा आणि धावपट्टीवरची हरणं हाकलणारा माणूस आहे. कागदाला काय कळतंय! मी जन्मजात गुप्तहेर.

त्या सकाळी धावपट्टीच्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नवी कापडी पिशवी चढवून मी परतलो, तर कॅम्पात हलकल्लोळ. आमचे पाहुणे हॅलोरन साहेब, त्यांची चड्डी हरवली होती. केशरी, गुडघ्यापर्यंत लांब आणि नशीबवान. ती घातल्याशिवाय साहेब विमानात पाय ठेवत नाहीत, आणि इथून निघायला विमानावाचून दुसरा मार्ग नाही. साहेब टॉवेल गुंडाळून बसले होते.

गाओने मॅडम, आमच्या मॅनेजर, धोबिणीवर कडाडल्या, "विमान येईपर्यंत चड्डी मिळाली नाही, तर त्याच विमानाने तुम्ही घरी!"

ती धोबीण म्हणजे माझ्या सासूबाई. आणि त्यांचं घर म्हणजे माउन गावातलं माझं आणि माझ्या बायकोचं, बोन्टलेचं घर. खोली एक.

"पाहुण्यांच्या आतल्या कपड्यांना आम्ही हात लावत नाही," सासूबाई म्हणाल्या. "चुकून आली होती एक. मी मान फिरवली, काठीने उचलली आणि दाराबाहेरच्या बादलीत टाकली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? परत बघायला मला लाज नाही?"

बादली रिकामी होती. मी तपास हाती घेतला. पहिला संशय बबून माकडावर. उलटतपासणीत तो माझी टोपी घेऊन पळाला, पण त्याने ती डोक्यावर घातली. म्हणजे कुठला कपडा कुठे घालायचा हे त्याला कळतं, आणि चड्डी तर त्याच्या अंगावर नव्हती. निर्दोष!

दुसरा मुद्दा मापाचा. साहेबांच्या घेराचा इथे दुसरा प्राणी एकच, पाणघोडा. तो कमरेपर्यंत पाण्यात बसला होता आणि काही केल्या बाहेर येईना.

"मॅडम, लाजतोय बघा!" मी ओरडलो. "घातलीय त्याने!"

"ओटेंग, तू गप्प बस."

इतक्यात विमान आलं आणि डोक्यावर घिरट्या घालू लागलं. वायरलेसवर वैमानिक खेकसला, "अरे, वारा कुठला आहे?"

"पिशवी बघ की!" मी म्हणालो.

"तीच बघतोय! एक पाय पूर्व सांगतोय, दुसरा पश्चिम!"

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. सासूबाईंनीही आयुष्यात प्रथमच पाहुण्याच्या चड्डीकडे नजर वर करून पाहिलं.

"अगं बाई! पिशवी बादलीत ठेवायची राहिली, ती तर अजून माझ्या शिलाई मशीनवर आहे. जावईबापू, बादलीतून काय उचललंत?"

"पहाटे अंधार होता," मी म्हणालो. खाली एकाऐवजी दोन तोंडं हाताला लागली होती, खोटं कशाला बोलू? पण सासूच्या शिवणकामात खोड काढणारा जावई मी नव्हे.

मी खांबावर चढलो, चड्डी उतरवून खरी पिशवी चढवली आणि विमान उतरलं. चोरीचा माल मीच जप्त केला, हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

गाओने मॅडम मात्र सासूबाईंपुढे ओशाळल्या. "चुकलं माझं, म्मा बोन्टले. महिनाभर पगारी सुट्टी घ्या. आज विमानात एक जागा रिकामी आहे."

"जाते की," सासूबाई साहेबांशेजारी बसत म्हणाल्या. "लेकीचा संसार बघून येते. तिच्या घरातही वस्तू जागेवर नसतात म्हणे."

विमान उडालं. मी खांबाकडे पाहिलं. वारा थेट माउनच्या दिशेने होता, म्हणजे त्या वेळेआधीच पोहोचणार होत्या.