शून्य सावलीचा शंभर टक्के निकाल

आकाश सर्वांच्याच डोक्यावर असतं. पण ते वर्गात आणायचं तर शिक्षकाला आधी प्रशिक्षण द्यावं लागतं. नाहीतर शिक्षक नुसताच वर बघेल, मुलंही त्याच्यासोबत वर बघतील आणि त्याचा अहवाल कुठंच जाणार नाही.

हा धोका वेळीच ओळखून आमच्याकडं गेल्या मे महिन्यात 'खगोलशास्त्र : इतिहास आणि विज्ञान' हे सक्तीचं शिक्षक-प्रशिक्षण अमरावतीत घेण्यात आलं. मी अहवाल लेखन समितीत होतो (नाश्ता समिती आधीच भरली होती).

मुख्य दिवस शून्य सावलीचा ठेवला होता. अप्रशिक्षित वाचकांसाठी सांगतो : वर्षातून दोन दिवस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली मिनिटभर नाहीशी होते. एक दिवस मेमध्ये, दुसरा जुलैत. जुलैत वऱ्हाडात ढग असतात, म्हणजे खरा दिवस एकच. त्यातही अकोल्याची सावली अमरावतीच्या आदल्या दिवशी जाते. हे एकसूत्रतेच्या धोरणात बसत नसल्यानं दोन्ही जिल्ह्यांना एकच तारीख देण्यात आली आणि अकोल्याला वेगळी सूचना गेली, की किरकोळ सावली आढळल्यास ती विचारात घेऊ नये.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण मधे मंजुषा इंगोले मॅडम आल्या. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर एका गावात त्या चौथीचा वर्ग शिकवतात. मे महिन्यात तुमची सावली गायब करून दाखवते, असं त्यांनी पोरांना वर्षभर सांगून ठेवलं होतं. प्रणाली नावाच्या मुलीनं हे घरी सांगितलं, तर आजोबांनी हसण्यावारी नेलं. तेव्हा ती आजोबांनाही धरून आणणार होती. सुट्टी असूनही सगळा वर्ग शाळेत जमणार होता. पुढं ही पोरं पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार, म्हणजे दाखवायचं तर याच दिवशी. मॅडम विस्तार अधिकारी भगवंत काळमेघ यांच्याकडं सुट्टी मागायला गेल्या.

"सर, त्या दिवशी मले शाळेत राहू द्या. पोट्टे वाट पाहून राहिले."

"कावून?"

"शून्य सावली दाखवाची हाय त्यायले."

"अवो मॅडम, ते कसं दाखवाचं हेच तं शिकवून राहिलो ना आमी त्या दिवशी! शिकल्याबिगर दाखवसान कशा?"

या युक्तिवादात मला आजतागायत खोट सापडलेली नाही. सुट्टी नामंजूर झाली.

प्रशिक्षणाचा दिवस उजाडला. पहिलं सत्र इतिहासाचं. वक्त्यांनी इतिहास पृथ्वीच्या जन्मापासून सुरू केला आणि वेळेअभावी ती थंड होण्यापूर्वीच संपवला. ती अजून चांगलीच तापलेली असताना मंजुषा मॅडम हजेरीपटावर सही करून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, स्कूटीवर निघून गेल्या. लक्षात कोणाच्याच आलं नाही (हजेरी समिती नाश्ता समितीला मदत करत होती).

पुढचा कार्यक्रम मैदानावर होता. मैदानात मधोमध लोखंडी नळी उभी केली होती. पारा पंचेचाळीसच्या वर. अशा उन्हात प्रमुख पाहुण्यांना उभं कसं करणार? काही माणुसकी आहे की नाही? म्हणून स्वागत समितीनं सकाळीच मांडववाल्या पुंजारामकडून नळीच्या बरोबर वर दुहेरी कापडाचा मांडव घालून घेतला होता. चहूबाजूंनी कुलर लावले होते.

सव्वाबाराला सूर्य ठरल्याप्रमाणे डोक्यावर आला. पाहुणे आले नव्हते. सूर्याला थांबवण्याची तरतूद नसल्यानं शिक्षकांना सभागृहात थांबवण्यात आलं. एकच्या पुढं पाहुणे आले, शाल-श्रीफळ झालं, मग सगळे मांडवात गेले. पाहुण्यांनी नळीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि उद्गारले, "अरे वा! खरंच नाई ना सावली!"

टाळ्या वाजल्या. मोर्शीचे श्रावण सर नवीन आहेत. त्यांनी विचारलं, "सर, मांडवाचं कापड जरासं बाजूले करून पाहू का?"

"कावून? आता दिसून नाई राहिली का तुमाले?" काळमेघ सरांनी विचारलं.

श्रावण सर खाली बसले.

इथं एक गोष्ट अभिमानानं नमूद करतो. जगात इतरत्र शून्य सावली एखादं मिनिट टिकते. अमरावतीत ती संध्याकाळी पाचपर्यंत टिकली. उशिरा आलेल्या शिक्षकांनाही ती दाखवता आली, आणि जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी फोटो काढून ठेवले. मधल्या वेळात 'रात्रीचं आकाश' हे सत्र पडदे ओढून घेतलं, कारण कार्यालयीन वेळेनंतर तारे पाहिल्यास भत्ता मिळत नाही. त्यात लाइन गेली, कुलर बंद पडले आणि बऱ्याच जणांना दिवसा तारे दिसले. एकूण निकाल शंभर टक्के.

राहिल्या मंजुषा मॅडम. त्यांना नोटीस गेली : 'खगोल प्रशिक्षणाच्या कालावधीत परवानगीशिवाय सूर्याखाली उभे राहणे.' चौकशीला मी टिपणं घ्यायला होतो.

मॅडम म्हणाल्या, की पटांगणात पाइप रोवला होता. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडात गेली आणि दिसेनाशी झाली. मग पोरांनी आपापल्या सावल्या शोधल्या, तर त्या पायाखाली. प्रणालीच्या आजोबांनी एक पाय उचलून खाली पाहिलं, मग दुसरा उचलून पाहिलं आणि म्हणाले, "इतकी वर्सं वावरात राबलो, हे कधी पाह्यलंच नाई गड्या!" नंतर पोरं अर्धा तास ओरडत होती. ऐकताना मला हेवा वाटला. तो मी टिपणात घेतला नाही.

"ते ठीक हाय," काळमेघ सर म्हणाले. "पण पुरावा?"

"सर, पोट्ट्यायनं पाह्यलं ना."

"पोट्टे अपलोड होत नाई मॅडम. बॅनरसहित फोटो हाय का?"

फोटो होता, पण त्यात नुसतीच हसणारी पोरं होती. बॅनर नव्हता. त्यामुळं त्या गावात त्या दिवशी शून्य सावली झाली नाही, असा निष्कर्ष निघाला. मॅडमना जुलैत अकोल्याला पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं आहे. ढग असले तरी कार्यक्रम होईल.

वाचकहो, तुम्ही आम्हाला हसला असाल. हसा. पण महाराष्ट्रात राहत असाल, तर दरवर्षी तुमचीही सावली तुमच्याच दारात, भरदिवसा, फुकटात पायाखाली येऊन जाते. मागच्या वेळी ती कोणत्या दिवशी आली होती, सांगता येईल?

येत नसेल तर काळजी नको. तुम्हाला आमच्याकडं यायची गरज नाही. तुम्ही आधीच प्रशिक्षित आहात.